शस्त्रक्रियेचा सराव कोणाच्या देहावर?



वैमानिक प्रवाशांना घेऊन उडण्याआधी जमिनीवरच्या नकली विमानात कित्येक तास सराव करतो. शल्यचिकित्सक मात्र पिढ्यान् पिढ्या प्रत्यक्ष रुग्णावरच शिकत आले. हा पहिला हात बहुधा गरिबावर पडतो, कारण जिथे फुकट उपचार तिथेच शिकणारे डॉक्टर असतात. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, असे आपण मानतो. मग गरिबाचा देह सरावाची पाटी कशी होईल? सिम्युलेशन सेंटर, म्हणजे शस्त्रक्रियेचे सराव केंद्र, या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

शस्त्रक्रियेची गरज मोठी आहे. सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सांगितले. आपल्या पाड्यांवरच्या कुटुंबांना हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे.

असे केंद्र उभारायला कोट्यवधी रुपये लागतात, हा समज खरा नाही. इथिओपियातील सोडो ख्रिश्चन हॉस्पिटल व कॅमेरूनमधील एम्बिंगो बॅप्टिस्ट हॉस्पिटल येथील डॉक्टरांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सहकार्याने 'ऑल-सेफ' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. कधी कधी गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत वाढतो. नलिका फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि तास-दोन तासांत आईचा जीव जाऊ शकतो. यावरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया डॉक्टर इथे आधी स्वस्त पेटीत शिकतात. पेटीला भोके, आत नकली नलिका आणि कॅमेरा म्हणून मोबाइल. डॉक्टर पडद्याकडे पाहत लांब चिमटे चालवतो.

छोट्या रुग्णालयालाही सुरुवात करता येते. एक उजेडाची खोली, भक्कम टेबल, अशा दोन पेट्या आणि टाके घालायला फोमचे तुकडे पुरतात. मुदत संपलेला धागा सरावाला चालतो. मात्र तो वेगळ्या कपाटात, ठळक खूण करून ठेवावा, चुकूनही ऑपरेशन थिएटरमध्ये जाता कामा नये.

खरी कसोटी नेतृत्वाची असते. साधने येतात, फोटो निघतात आणि सहा महिन्यांत खोलीला कुलूप लागते. ते टाळायचे तर प्रमुखाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. सरावाचा तास आठवड्याच्या वेळापत्रकात पक्का हवा. अनुभवी शिक्षकाने शेजारी उभे राहून लगेच चूक दाखवावी. प्रत्येकाची प्रगती वहीत नोंदवावी आणि ठरलेली पातळी गाठल्याशिवाय रुग्णाला हात लावू देऊ नये, मग तो कितीही वरिष्ठ असो. भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांनाही सरावात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या सुरक्षा यादीची तालीम सर्वांनी मिळून करावी. रक्तस्राव सुरू झाल्यावर कोणी काय करायचे, हे तेव्हा विचारायला वेळ नसतो.

फोममधून रक्त येत नाही, म्हणून पुढचे शिक्षण वरिष्ठांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. पण थरथरणारा हात स्थिर होण्याची जागा ही खोलीच.

दान देताना आपण यंत्राची किंमत विचारतो. यापुढे शिक्षकाच्या वेळेचाही खर्च विचारात घ्या, कारण केंद्र त्यावरच चालते. चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि पुढच्या काळजीचे पैसेही दिले. शिकणाऱ्या हातांसाठी आणि त्या हातांवर विसंबणाऱ्या आदिवासी बंधुभगिनींसाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.