आकड्यामागे माप हवे

सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे, अमरोलीला लागून कोसाड आहे. एके काळी हे निराळे गाव होते. आज ते महानगराचाच भाग झाले आहे. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी येथे घरासाठी जागा घेण्याचे योजिले. गावाकडील जमिनीचा तुकडा विकून त्यांनी १२ लाख रुपये जमविले होते. कागदावर जागा होती ६० चौरस मीटर. दलालाने भाव सांगितला २० हजार. चिरंजीवांनी तोंडीच गुणाकार केला, बरोबर १२ लाख! आनंदाच्या भरात विसारही देऊन टाकला.

दस्ताच्या वेळी हिशेब निघाला सुमारे १४ लाख ३५ हजारांचा. चिरंजीव दलालास लबाड म्हणू लागले. वास्तविक सुरतेच्या रीतीप्रमाणे भाव वाराचा होता, म्हणजे चौरस वाराचा. ६० चौरस मीटरांचे होतात जवळजवळ पावणेबाहत्तर वार. खोटे कोणीच बोलले नव्हते. पण 'वीस हजार कशाचे?' असे कोणी विचारलेही नव्हते. सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम एकाएकी आणावी कोठून? सौदा मोडला आणि विसार बुडाला.

वार म्हणजे काय हे आपल्या घरच्या माउलीस सांगावे लागत नाही. नऊवारी लुगडे ती वारावरच मोजते. परंतु गृहस्थांची बुद्धी गुंठ्यात घडलेली, बाजार वारात बोलणारा आणि सरकारी कागद मीटरात लिहिलेला. एका जागेस तीन भाषा झाल्या! अशा वेळी साधा कॅल्क्युलेटर उपयोगी पडत नाही. त्यास केवळ आकडे कळतात; ते मीटरांचे की वारांचे, हे तो जाणत नाही.

याकरिता संगणकावर निराळ्या प्रकारचे गणनसाधन आहे. १९८६ साली आलेले मॅथकॅड हे त्यातील प्रसिद्ध नाव. त्याच धर्तीचे एसमॅथ स्टुडिओ व्यक्तिगत उपयोगासाठी विनामूल्य मिळते. ते दिसते शाळेतील गणिताच्या वहीसारखे. पहिल्या ओळीत क्षेत्र लिहावे: ६० चौरस मीटर. दुसऱ्या ओळीत भाव: दर चौरस वारास २०,००० रुपये. तिसरीत दोहोंचा गुणाकार मांडावा. आकड्यापाठीमागे माप लिहिलेले असल्याने मीटर व वार यांचा मेळ ते स्वतःच घालते व उत्तर रुपयांत देते. चुकून मीटरात चौरस मीटर मिळवू गेल्यास ते बेरीज करण्याचेच नाकारते. शिवाय सर्व ओळी डोळ्यांसमोर राहतात, म्हणून चूक कोठे झाली हे दुसऱ्यासही दिसते.

तथापि एक सावधगिरी हवी. गुंठा व विघा ही आपली मापे त्या यंत्रास आपणच शिकवावी लागतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट अथवा १२१ चौरस वार. ४० गुंठ्यांचा एकर. हे निश्चित आहे. विघ्याचे तसे नाही. सौराष्ट्रात तो १६ गुंठ्यांचा, तर सुरतेकडे सुमारे साडेतेवीस गुंठ्यांचा धरतात. तोळ्याचीही हीच गत: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, परंतु आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. तेव्हा आपण कोणते माप धरले ते आरंभीच लिहून समोरच्यास वाचून दाखवावे. यंत्र हिशेब चुकणार नाही, पण चुकीचे सांगितलेले माप ते निमूटपणे खरे मानील.

मापांचा हा गोंधळ मिटावा म्हणून आपल्या देशाने १९५६ साली कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे लागू होऊ लागली. तरीही जुनी मापे जिभेवरून गेली नाहीत. यात अडाणीपणाचा दोष कोणी कोणास देऊ नये. १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले यान नष्ट झाले, ते याच चुकीने: एका पक्षाने आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातील समजून घेतले. तेथे तर मोठमोठे विद्वान बसले होते!

अलीकडे त्या चिरंजीवांनी आम्हांस आपली संगणकावरील वही दाखविली. पहिल्या ओळीतील ६० पुसून त्यांनी ५० लिहिले. खालचे उत्तर आपोआप बदलले: ११ लाख ९५ हजार ९९० रुपये. दस्ताचा खर्च निराळा. "एवढीच जागा आपल्याला परवडत होती," ते हळूच म्हणाले. "हे विसार देण्याआधी लिहिलं असतं तर!"

आमच्या वाचकांजवळ संगणक असो वा नसो, कागदाचा तुकडा तर प्रत्येकाजवळ आहे. विसार देण्यापूर्वी त्यावर प्रत्येक आकड्यापुढे त्याचे माप लिहावे आणि 'हे कशाचे?' असे विचारण्यास लाजू नये. विचारण्यास पैसा पडत नाही. न विचारण्यास किती पडतो, ते त्या घराने अनुभवले आहे.