कर्नलचे वाचन : नव्या अभ्यासकासाठी एक दिशा

ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल लिहावयास शिकावयाचे असेल तर आरंभ कोठून करावा, असा प्रश्न संगणकशास्त्राकडे वळलेले विद्यार्थी वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याला याचे उत्तर ग्रंथाध्ययनाच्या परंपरेतून सुचले. ते असे : लेखनापूर्वी वाचन, आणि तेही एका लहान परंतु संपूर्ण संहितेचे, भाष्यासह.

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालत असतात. प्रोसेसरचा वेळ, मेमरी व डिस्क यांची त्यांच्यात वाटणी करणे आणि एकाचा दुसऱ्यास उपद्रव होऊ न देणे, हे कार्य करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल होय. सामान्य प्रोग्रामला नसलेले अधिकार त्यास असतात; म्हणूनच त्यातील एक चूक सबंध यंत्र बंद पाडू शकते.

नवा अभ्यासक बहुधा दोन टोकांपैकी एकास जातो. एक तर तो एकदम स्वतःचे कर्नल रचावयास बसतो, किंवा लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, उघडतो. पहिल्या मार्गात नमुना समोर नसतो. दुसऱ्यात तो डोंगराएवढा असतो. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा ते सुमारे दहा हजार ओळींचे होते. आज त्याच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत.

मधला मार्ग ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी दाखविला. १९७६ साली त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचे कर्नल, दहा हजारांहूनही कमी ओळींचे, विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि त्यावर भाष्य लिहिले. पाणिनीची सूत्रे महाभाष्यासह वाचणाऱ्यास ही पद्धती तत्काळ उमगेल. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले आणि १९९६ सालीच उघडपणे प्रसिद्ध होऊ शकले. ही उणीव भरून काढण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स रचले. टॉरव्हल्ड्स यांनी आपले कर्नल लिहावयास घेतले ते मिनिक्सवरच. वाचावयास मिळणे ही या विद्येची पहिली अट आहे, हे यावरून दिसून येते.

आज ही अट सहज पुरी होते. एमआयटी या अमेरिकन संस्थेत २००६ साली एक्सव्ही-६ हे छोटे कर्नल अध्यापनासाठी तयार झाले. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचीच ती आधुनिक सी भाषेतील पुनर्रचना होय. संहिता व तिच्यावरील भाष्यग्रंथ दोन्ही मुक्त आहेत. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये ते चालत असल्याने चूक झाली तरी खऱ्या यंत्रास धक्का लागत नाही.

पूर्वतयारी म्हणून सी भाषेतील पॉइंटर पक्के असावेत आणि असेंब्ली वाचता यावी. मग एकच सिस्टिम कॉल निवडून, प्रोग्रामपासून कर्नलपर्यंत व तेथून परत, ओळीओळीने त्याचा माग काढावा. जीडीबी हा डीबगर येथे साहाय्यक होतो. त्यानंतर स्वतःचा एक सिस्टिम कॉल जोडावा. त्यास एक क्रमांक द्यावा लागतो, कर्नलच्या कोष्टकात नोंद करावी लागते, प्रत्यक्ष फंक्शन लिहावे लागते आणि प्रोग्रामच्या बाजूने त्यास हाक मारण्याची सोय करावी लागते. काम लहान आहे. परंतु ते करताना कर्नलची सीमारेषा नेमकी कोठे आहे हे कळते.

खरी कसोटी पुढे आहे. एका प्रोग्रामला थांबवून दुसऱ्यास चालविताना एक्सव्ही-६ ची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी लिहिलेली आवृत्ती बत्तीसपैकी केवळ चौदा रजिस्टरे साठविते. उरलेल्यांचे काय? त्यांतील ज्यांची किंमत पुढे लागणार असते ती हाक मारणाऱ्या सी फंक्शनने, ठरलेल्या संकेतानुसार, आधीच आपल्या स्टॅकवर ठेवलेली असते. ज्यास हे ‘का’ स्वतः शोधता आले, तो लेखनास पात्र झाला असे म्हणावयास हरकत नाही.

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याच विषयाच्या जागी कर्त्यांनी एक टीप लिहिली होती : हे वाचकास समजावे अशी अपेक्षा नाही. कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी पुढे मान्य केले की, तेथे काय घडत होते ते त्यांना स्वतःलाही तेव्हा पुरते समजले नव्हते. तेव्हा एखाद्या ओळीपाशी आठवडा गेला तरी अभ्यासकाने संकोच मानू नये. ती ओळ मात्र सोडून पुढे जाऊ नये.