पेस्तानाची पोल्का

शोरो हे रिओ द जानेरोचं संगीत आणि माशादो द आसिसच्या काळ्या उपरोधाच्या कथा, ही माझी दोन जुनी वेडं. या दोन्हींचा सांधा ज्याने जुळवून दिला, तो पोल्का, म्हणजे नाचाच्या चाली, लिहिणारा एक काल्पनिक माणूस आहे.

माशादोच्या चरित्रात फार शिरत नाही. जन्म 1839चा, रिओतला. वडिलांचे आईवडील गुलामीतून सुटलेले. आणि 1897मध्ये हाच माणूस ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष. त्याची ‘एक प्रसिद्ध माणूस’ ही कथा 1888ची, म्हणजे ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली त्याच वर्षातली.

कथेतल्या पेस्तानाच्या पोल्का साऱ्या शहराच्या तोंडी आहेत, आणि त्याला मात्र त्यांची लाज वाटते. घरात भिंतीवर मोझार्ट, बेथोव्हन, बाख यांच्या तसबिरी. त्यांच्या तोडीचं एक तरी पान सुचावं म्हणून तो रात्ररात्र पियानोपाशी बसतो, आणि सुचते ती पुन्हा पोल्काच. एकदा नॉक्टर्न साधलं म्हणून हरखून बायकोला ऐकवायला जातो, तर ती विचारते, हे शोपँचंच ना?

मला सर्वांत जास्त छळतो तो प्रकाशकाचा प्रसंग. 1871 साली पेस्ताना पहिली पोल्का घेऊन जातो, तिला काव्यमय नाव देऊन. प्रकाशक म्हणतो, हे चालायचं नाही. नाव लोकांच्या तोंडी असलेलं हवं. तो दोन सुचवतो : एक ‘28 सप्टेंबरचा कायदा’, दुसरं नुसत्या गमतीदार शब्दांचं. पेस्ताना विचारतो, या दुसऱ्याचा अर्थ काय? अर्थ काही नाही, पण खपेल. पेस्ताना पोल्का परत घेतो. पुढे दुसरी होते, छापून येण्याची हाव सुटते, आणि दोन्हींची नावं तो प्रकाशकावर सोडून देतो.

हा कायदा 1871चा. त्यानंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र ठरलं; पण आईच्या मालकाला त्याच्याकडून एकविसाव्या वर्षापर्यंत काम करून घेण्याची मुभा राहिली. माशादो कृषी मंत्रालयात नोकरीला होता, आणि याच कायद्याच्या अंमलबजावणीची प्रकरणं त्याच्या विभागात येत. सिडनी शालूब या इतिहासकाराने ते दप्तर उकरून काढलं आहे. दिवसभर त्या फायली पाहिलेल्या माणसाने हा कायदा नाचाच्या तालावर चढवला, हे कळल्यापासून मला तो प्रसंग हसत वाचता येत नाही.

कथा छापली गेली तेव्हा रिओचा पियानोवादक आणि शोरोचा रचनाकार एर्नेस्तो नाझारेथ पंचवीस वर्षांचा होता. शोपँवर जीव, आणि नाव झालं नाचाच्या चालींवर. ‘मशीशे’ हा नाच हलका समजला जाई, म्हणून तो आपल्या रचनांना ‘ब्राझिलियन टँगो’ म्हणे. 1922मध्ये त्याच्या रचना राष्ट्रीय संगीत संस्थेत वाजल्या तेव्हा विरोध इतका झाला की पोलिस बोलवावे लागले. पुढे कान गेले, मन बिघडलं. 1934मध्ये मनोरुग्णालयातून तो निघून गेला आणि पाण्यात बुडालेला सापडला. पेस्ताना आणि नाझारेथ यांना शेजारी बसवून जोसे मिगेल विस्निक यांनी फार मोलाचा निबंध लिहिला आहे. त्यात मी एवढंच जोडेन की व्हिला-लोबोसने आपला ‘शोरोस क्र. 1’ नाझारेथलाच अर्पण केला. भिंतीवरच्या तसबिरींत जागा मिळवणारा ब्राझीलचा संगीतकार पोल्कावाल्यापुढे असा नमला!

शोरोची ही परंपरा अजून जिवंत आहे ती छोट्या जागांत. कोपाकाबानातल्या ‘बिप बिप’ या खोलीएवढ्या बारमध्ये वादक टेबलाभोवती बसतात, श्रोते फुटपाथवर उभे. बिअर ज्याने त्याने फ्रिजमधून घ्यायची आणि हिशेबात नोंदवायला सांगायचं. वरच्या मजल्यांवर लोक राहतात म्हणून टाळ्यांऐवजी चुटक्या. मालक आल्फ्रेदिन्यो बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना भर मैफलीत झापायचा. 2019च्या कार्निव्हलमध्ये तो गेला. आपल्या घरगुती बैठकीची शिस्तच ही, फक्त दटावणारा गुरुजी इथे बारमालक होता.

कथेच्या शेवटी, 1885 साली, पेस्ताना मरणाच्या दारात असताना प्रकाशक येतो : हुजूरपक्ष सत्तेवर येतोय, एक पोल्का हवी. पेस्ताना म्हणतो, दोन देतो, दुसरी उदारमतवादी परत येतील तेव्हासाठी. ही कथा इंग्रजीत मिळते, पण थेट पोर्तुगीजमधून मराठीत यायला हवी. गोव्यात दोन्ही भाषा जाणणारे वाचक अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणी तरी हे काम अंगावर घ्यावं.