कृतज्ञता : अंतःशांतीची वाट

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे हळदीचे गाव. येथील बाजारात नव्या हळदीची पोती येऊ लागतात, तो काळ बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळाचाच असतो. जूनच्या सुमारास लावलेले बेणे आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. पुढे कंद शिजवावे लागतात, उन्हात वाळवावे लागतात, घासून उजळावे लागतात. नेमक्या वाळवणावर अवकाळी पाऊस कोसळला किंवा भाव पडले, तर वर्षभराचे कष्ट मातीमोल होतात. अशा घरी जाऊन 'देवाचे आभार माना' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

हा प्रश्न टाळून कृतज्ञतेविषयी बोलता येणार नाही. संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना सर्व स्थितीत आभार मानण्यास सांगतो (१ थेस्सल. ५:१८). प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना, असे तो म्हणत नाही. नुकसान हे नुकसानच असते. त्याला वरदान म्हणण्याची सक्ती श्रद्धा करीत नाही. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे आक्रोशाने सुरू होतात आणि स्तुतीपाशी येऊन थांबतात. देवापुढे रडणारा मनुष्य कृतघ्न नसतो.

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते बंदिवासातून. चिंता करू नका, आभारप्रदर्शनासह आपल्या मागण्या देवाला कळवा, म्हणजे बुद्धीपलीकडची शांती तुमची अंतःकरणे राखील, असा त्या बोधाचा आशय आहे (फिलिप्पै. ४:६-७). येथील क्रम लक्षात घ्यावा. शांती मिळाल्यावर आभार मानायचे नाहीत. आभार मानता मानता शांती येते. बेड्या तशाच होत्या, मन मात्र मोकळे झाले होते.

लूककृत शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी आपणांस परिचित आहेत (लूक १७:११-१९). शुद्ध दहाही झाले. परतला एकच आणि तोही शमरोनी. नऊ जणांना आरोग्य मिळाले, दहाव्याला दाता भेटला. दान हरवू शकते, पण दात्याशी जडलेले नाते संकटातही टिकते. अंतःशांतीचे मूळ या नात्यात आहे.

म्हणूनच आपल्या उपासनेच्या केंद्रस्थानी आभारप्रदर्शन आहे. 'युखारिस्त' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा होतो. विश्वासघाताच्या रात्रीच प्रभू येशूने भाकर घेऊन पित्याचे आभार मानले. वसईचे भाविक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करताना भाताच्या नव्या लोंब्या मंदिरात आणतात. गोव्यात ऑगस्टमध्ये 'कणसांचें फेस्त' होते. मराठवाड्यातील आपणही हळदीचा एखादा कंद, ज्वारीचे एखादे कणीस वेदीपाशी ठेवू शकतो. पीक थोडे आले असेल, तर थोडेच ठेवावे.

मात्र कृतज्ञता ओठांवर थांबू नये. शेतात राबलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे याकोबाचे पत्र बजावते (याकोब ५:४). म्हणून ज्यांच्या हातांनी आपली हळद खणली, शिजवली, त्यांचे वेतन वेळेवर देणे हीदेखील उपकारस्तुती होय. तसेच ज्या घरावर आपत्ती आली आहे, तेथे उपदेश नेण्याआधी मदतीचा हात न्यावा. कदाचित त्या घराला आभार मानण्याचे कारण आपल्याच रूपाने मिळेल.

लोयोलाचे संत इग्नाती (१४९१–१५५६) यांनी शिकविलेल्या दैनंदिन आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभार मानण्याची आहे. पापांचा विचार त्यानंतर येतो. आज रात्री निजण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून प्रत्येकाने दिवसातील एका देणगीचे नाव घ्यावे : वेळेवर आलेले पाणी, शेजाऱ्याने विचारलेली खुशाली, लेकराचे हसू. दिवस कठीण गेला असेल, तर तेही देवाला सांगावे. आपली दुःखे त्यामुळे लगेच सरतील असे नाही; पण ती आपण एकट्याने वाहत नाही, हे हळूहळू उमगेल आणि मन निवेल.