तीन काड्यांवर उभं राहिलेलं गाव

केशराच्या फुलाला बी धरत नाही. जमिनीतल्या कंदाला पिल्लं फुटतात, माणूस ती सोडवून पुन्हा लावतो, तेव्हा कुठे वंश पुढे सरकतो. एका फुलात तांबड्या काड्या मोजून तीन. किलोभर केशरासाठी दीडेक लाख फुलं खुडावी लागतात, आणि तीही सकाळी, ऊन चढायच्या आत. असल्या हट्टी पिकावर काश्मीरने किंवा इराणने नाव कमावलं तर नवल नाही. पण इंग्लंडमधल्या एका बाजाराच्या गावाने?

त्या गावाचं नाव सॅफ्रन वॉल्डन. एसेक्स परगण्यात, केंब्रिजच्या दक्षिणेला पंचवीसएक किलोमीटरवर. इथला बाजार मुळात पळवून आणलेला. 1141 साली जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने सम्राज्ञी मटिल्डाकडून परवानगी मिळवली आणि शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून थेट आपल्या किल्ल्याच्या दाराशी आणला. किल्ल्याची आज गारगोटीची चार ओबडधोबड भिंताडं उरलीत. बाजार मात्र भरतोच आहे.

केशर आलं ते नंतर. एका यात्रेकरूने पूर्वेकडून काठीच्या पोकळीत कंद लपवून आणला, अशी दंतकथा सांगतात. खरी असो नसो, इथली चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन आणि इंग्लंडच्या मानाने कमी पाऊस कंदाला मानवला. सोळाव्या शतकात आजूबाजूची शेतं ऑक्टोबरमध्ये जांभळी होऊ लागली. लोकर रंगवायला केशर, औषधाला केशर, श्रीमंतांच्या स्वयंपाकाला केशर. पिकवणाऱ्यांना ‘क्रोकर’ म्हणत. ते काड्या छोट्या भट्टीवर वाळवत आणि वर वजन ठेवून त्यांच्या वड्या दाबत.

हे इतकं बारकाईने कळतं, कारण जवळच्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन याने ते सगळं लिहून ठेवलं. त्याने सांगितलेला एक किस्सा तर फर्मासच. सोळाव्या शतकाच्या मध्याला एका वर्षी पीक असं उदंड आलं, की खुडायला हात पुरेनात. लोकांनी दहा-बारा मैलांवरच्या गावांत फुलं धाडली. अर्धी खुडून द्या, अर्धी तुम्हीच ठेवा, असा सौदा. मालाने बाजार तुंबला आणि वॉल्डनकर देवावरच उखडले. देव आता केशर हगायला लागलाय, असं ते चारचौघांत म्हणाले! पाद्रीबुवांना हे अर्थातच रुचलं नाही. पुढे पीक रोडावलं ते या कृतघ्नपणामुळेच, असा त्यांचा निवाडा. मला विचाराल तर माझी सहानुभूती क्रोकरांकडे आहे. भाव पडल्यावर शेतकऱ्याच्या तोंडून ओव्या कुठून यायच्या?

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे पीक इथून उठलं. बाहेरून स्वस्त केशर येऊ लागलं होतं, मजुरी परवडत नव्हती, लोकांच्या जिभाही बदलल्या होत्या. पण सेंट मेरी चर्चच्या कमानीवर दगडात कोरलेली केशराची फुलं जागेवरच आहेत. मान वर करून शोधावी लागतात. चर्च प्रचंड आहे. मनोरा जवळजवळ 59 मीटर उंच. आवारात रॅब बटलर यांची कबर आहे. जन्म अविभाजित पंजाबातल्या अटकेचा, 1929 ते 1965 इथले खासदार, आणि 1935 चा भारत सरकार कायदा ब्रिटिश संसदेतून पार करून घेणाऱ्यांपैकी एक.

पायऱ्या-गल्ल्या उतरत गेलं की ‘ओल्ड सन इन’ लागतं. लाकडी सांगाड्याच्या या जुन्या घरांवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाची चित्रं काढलेली आहेत. त्यात दोन गडी एकमेकांसमोर उभे ठाकलेत. एक लोककथेतला वीर टॉम हिकाथ्रिफ्ट, दुसरा विस्बेकचा राक्षस.

मला सर्वांत नवल वाटतं ते गावच्या माळावरच्या भूलभुलैयाचं. भिंती नाहीत, झुडपं नाहीत, हिरवळीत कोरलेली वाट फक्त. 1699 मध्ये त्याची डागडुजी झाल्याची नोंद आहे, म्हणजे तो त्याहून जुना. जेमतेम चाळीस मीटरच्या पसाऱ्यात सतरा वळसे घेत वाट सुमारे दीड किलोमीटर फिरवते. एकच वाट असल्याने हरवायची सोय नाही. अभिमन्यूची काळजी करू नये. हरवायची हौस असेल त्यांनी ब्रिज एंड गार्डनमधल्या युच्या उंच कुंपणांत शिरावं.

गावाचा एक पुत्र मात्र वादळात हरवला. 1644 साली इथे जन्मलेल्या हेन्री विन्स्टॅन्लीने भर समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर पहिलं दीपगृह उभारलं. मोठ्यात मोठ्या वादळात आपण त्यात असावं, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. 1703 च्या महावादळाने ती पुरी केली. सकाळी दीपगृहही नव्हतं आणि तोही.

लंडनला लेकीसुनांकडे जाणाऱ्यांनी एक दिवस इकडे काढावाच. लिव्हरपूल स्ट्रीटहून ऑडली एंड स्टेशन तासाभरावर आहे; तिथून गाव दोन-तीन मैल. मंगळवार किंवा शनिवार गाठा. बाजार त्याच दिवशी भरतो.