बाळंतपणाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत महिना 12 हजारांवर राबणारा तरुण घ्या. वर्षाचे झाले 1 लाख 44 हजार. केशरी रेशन कार्डाची मर्यादा 1 लाखाची, म्हणजे तिथे तो बाहेर. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची मर्यादा 8 लाखांची, तिथे आत. कामगार विम्याला महिना 21 हजारांपर्यंतचा पगार चालतो, तिथेही आत. बायकोला दिवस गेले की असं घर गोंधळून जातं. ‘आपण कशातच बसत नाही’ असं धरून चालतं आणि खासगी दवाखान्यासाठी कर्ज काढतं.

सरकारी रुग्णालयातल्या बाळंतपणाला उत्पन्नाची अटच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 ला सुरू झाला. त्यात सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत. जेवणसुद्धा: साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो, लाईन बाजारचं सेवा रुग्णालय असो की गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय. बीडहून ऊसतोडीला आलेल्या बाईचं रेशन कार्ड गावाकडं राहिलं असलं, तरी हा तिचा हक्क आहे.

अट आहे ती हातात पडणाऱ्या पैशांना. मातृवंदनेत पहिल्या बाळाला 5 हजार दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर 6 हजार. 8 लाखांच्या आतला दाखला हा पात्रतेचा फक्त एक पुरावा. ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यातलं कुठलंही एक पुरतं. तरीही पिशवीत ई-श्रम कार्ड असलेली गरोदर बाई तहसीलदारांच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत ताटकळते. हे तिला कुणी आधी सांगायला नको का?

जननी सुरक्षा योजनेची चाळणी आणखी बारीक. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांनाच ते पैसे, खेड्यात 700 आणि शहरात 600 रुपये. एवढ्याशा रकमेसाठी कागद कसले मागायचे? ती सरसकट द्यावी.

तोवर एवढं करा. दिवस गेल्याचं कळताच आशाताईंकडं नाव नोंदवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. मातृवंदनेचा पहिला हप्ता याच नोंदणीवर आणि तपासणीवर मिळतो. दाखल्यासाठी नोंदणी लांबवू नका.