खेळ न बिघडवता खेळाची नोंद

अलिबागला समुद्राजवळ एक जुनी वेधशाळा आहे. कुलाबा किल्ला पाहायला येणारी मंडळी तिथून जवळूनच जातात, पण आत काय चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बारीकसारीक बदल तिथे नोंदले जातात. हे काम पूर्वी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून होत असे. पुढे मुंबईत विजेवरची ट्राम येणार असे दिसू लागले आणि पेच पडला. ट्रामच्या विजेने या नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला नवी वास्तू उभी राहिली. बांधकामात लोखंडासारखे साहित्य कटाक्षाने टाळले गेले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन ताळा पाहिला आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

या हकिगतीतून दोन नियम निघतात. नोंद घेताना आसपासची गडबड तिच्यात शिरू देऊ नये, हा एक. आणि हातातल्या साधनाशी ताळा पाहिल्याशिवाय नव्यावर भिस्त ठेवू नये, हा दुसरा. आज हे दोन्ही नियम घरातल्या एका अगदी वेगळ्याच मागणीला लागू पडतात.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत शाळा-कॉलेजातली मुले व्हिडिओ गेम खेळतात, हे आता नवे नाही. खेळलेला सामना रेकॉर्ड करून इतरांना दाखवायचा, ही त्यापुढची पायरी. त्यासाठी मुलगा यादी पुढे ठेवतो : नवा संगणक, कॅप्चर कार्ड, मायक्रोफोन. बेरीज ऐकून वडील पेपर बाजूला ठेवतात आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेद गेल्यामुळे मला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो : पैसे नेमके कशासाठी हवेत?

मित्रांना दोन मिनिटांचा तुकडा दाखवायचा असेल, तर एक रुपयाही लागत नाही. आयफोनमध्ये २०१७ पासून आणि अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२० पासून, पडदा रेकॉर्ड करण्याची सोय मुळातच आहे. फक्त त्याआधी येणारे निरोप बंद करावेत. नाहीतर वडिलांच्या फोनवर आलेला बँकेचा ओटीपीही सामन्यासोबत जगापुढे जायचा. प्लेस्टेशनवर २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळे बटणच आहे.

संगणकावर खेळणाऱ्यालाही फुकटचे मार्ग आहेत. विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि जी एकदम दाबले की रेकॉर्डिंगची पट्टी उघडते. त्याहून अधिक हवे असेल तर ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर आहे. ते २०१२ पासून कोणालाही मोफत मिळते आणि व्यावसायिक मंडळीही तेच वापरतात.

मात्र इथे आपली ट्राम आडवी येते. संगणकाच्या पूर्ण आकाराच्या चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि अशी साठ चित्रे एका सेकंदात सरकतात. जशीच्या तशी साठवली तर एका तासाला सुमारे १३४० जीबी जागा लागेल. म्हणून ती दाबून लहान करतात. मग तासाला साडेपाच जीबीच्या आसपास काम भागते. ही दाबादाबी मुख्य प्रोसेसरने करायची म्हटली, तर खेळासाठी लागणारी त्याची ताकद तिकडे खर्ची पडते. खेळ अडखळतो आणि अडखळलेला खेळच रेकॉर्ड होतो! यावर उपाय संगणकातच असतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत २०११ पासून आणि एनव्हिडियाच्या अनेक ग्राफिक्स कार्डांत २०१२ पासून केवळ या कामासाठी वेगळा भाग दिलेला आहे. ओबीएसच्या सेटिंगमध्ये तो निवडला की मुख्य प्रोसेसरवरचे बरेचसे ओझे उतरते. नवा संगणक मागण्याआधी मुलाने एवढे करून पाहिले आहे का, हे जरूर विचारावे.

कॅप्चर कार्ड म्हणजे अलिबागची वेधशाळाच म्हणा ना. खेळ एका यंत्रावर, नोंद दुसऱ्यावर. प्लेस्टेशनसारख्या यंत्रावरचे लांबलचक सामने संगणकात उतरवायचे असतील, तर त्याचा उपयोग आहे. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर के’ असे छापलेल्या स्वस्त कार्डांत बहुधा तेवढे चित्र आत घेता येते, रेकॉर्ड मात्र त्याच्या चौथाईनेच होते. टीव्हीला चित्र थेट पुढे पाठवणारी दुसरी खाच आहे का, हेही पाहावे. ती नसेल तर खेळणाऱ्याला चित्र किंचित उशिरा दिसते, आणि खेळात तो किंचितच महाग पडतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : वीज. रेकॉर्डिंगची फाइल एमपी-फोर प्रकारची असेल, तर तिची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की आधीचा तासभराचा मजकूर असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात तोवरचे सारे शाबूत राहते, आणि नंतर ती फाइल ओबीएसमध्येच एमपी-फोर करून घेता येते. दिवसाची किर्द संध्याकाळी एकदम लिहिणारा आणि व्यवहार होताक्षणी लिहिणारा, यांत जो फरक तोच इथे. बाकी आवाजासाठी महागड्या मायक्रोफोनपेक्षा पत्र्याखालची खोली सोडून आतल्या खोलीत बसणे अधिक गुणकारी. आषाढातल्या पावसापुढे कोणताही मायक्रोफोन हतबल आहे.

पण एवढा खटाटोप कशाला, असे आजी-आजोबा विचारतील. २०२० चा उन्हाळा आठवावा. टाळेबंदीत मुले घरात कोंडलेली होती आणि पबजीच्या सामन्यांतच मित्रांचे आवाज ऐकत होती. ३ जूनला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. सप्टेंबरमध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो खेळ आपल्याकडे बंदच झाला. २०२१ मध्ये तो वेगळ्या नावाने परतला, पण त्या उन्हाळ्यातले सामने काही परतले नाहीत. ज्यांनी रेकॉर्ड केले होते त्यांच्यापाशीच ते उरले, आणि त्यांत गुणांपेक्षा मोलाचे आहेत ते आवाज. त्यांतले कोणी आता पुण्याला, कोणी पनवेलला नोकरी करीत असेल. आपल्या पिढीने गॅदरिंगच्या नाटकाचे फोटो जपले, तसेच हे.

म्हणून मुलाला नाही म्हणू नये आणि लगेच होही म्हणू नये. दोन महिने फुकटच्या साधनांवर काम करू द्यावे. त्याने काय रेकॉर्ड केले, त्यातले काय जपून ठेवले, कुठे अडले, हे त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्यावे. जिथे खरोखर अडले असेल, तेवढीच वस्तू आणावी. आणि एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून एक सामना पुरता पाहावा. नियम कळले नाहीत तरी चालेल. पोरगा कोणाशी, कसा बोलतो, हरल्यावर काय म्हणतो, एवढे समजले तरी पुष्कळ झाले.